अंधारात उलटलेलं पान

पहाटे जातं फिरायला लागलं, की गिताबाईचा आवाज पिठाबरोबर भुरुभुरु खाली सांडायचा. गोधडीत मुरकुटून पडलेल्या लहानग्या मच्छिंद्रला आधी आईचा तो आवाज ऐकू यायचा, दगडाची घरघर मागाहून.

काळी काळी पाटी, बाई, तिच्यावं पांढरा खडू
माझ्या बाळाच्या शाळंची वाट नका गं अडवू

आई जाऊन बरीच वर्षं लोटली. तरी चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवं बसून मच्छिंद्र चिपाडं आत सारू लागला आणि जाळ घुमू लागला, की त्या घुमण्यात कुठंतरी तो आवाज लागायचा. वाट तशी कुणी अडवली नव्हती. बौद्धवस्तीतून दहावीपर्यंत पोचलेला तो पहिला पोरगा. दहावीला गणित राहिलं, त्याच साली बाप अंथरुणाला खिळला, आणि जयसिंगदादाच्या गुऱ्हाळावर जाळ घालायला तो जो बसला, तो बसलाच. जाळाकडची गालफडाची बाजू आता करपून तांबूस झाली होती. भुवयांचे केस कधीच झडले होते. बायको ताईबाई त्याच गुऱ्हाळावर. चरकातून पिळून आलेली चिपाडं उन्हात पसरायची, दाताळ्यानं उलथायची, वाळली की भारे करून नवऱ्याच्या हाताशी आणून टाकायची. त्या दोघांच्या मध्ये दिवसभर धूर असायचा. बोलणं असं घरी गेल्यावरच.

पण वर्षावास लागला, की मच्छिंद्र वेगळा दिसायचा. पावसाळ्याचे ते तीन महिने दिवेलागणीला वस्तीच्या विहारात ग्रंथ वाचला जाई. अंग घासून, पांढरा सदरा घालून तो ग्रंथापुढं बसला, की दिवसभर धुरानं भरलेल्या त्या गळ्यातून असा स्वच्छ आवाज निघायचा, की म्हाताऱ्या बाया भिंतीला टेकलेली पाठ सरळ करायच्या. वस्तीचा रिवाज असा, की ज्या घराची पाळी, त्या घरातल्या शाळकरी पोरानं वाचायचं. विहाराचं बघणाऱ्या म्हाताऱ्या हौशीराम आबांनी तो पाडला होता. कुणाचं पोर कसं वाचतं यावर बाया घरी जाताना वाटेनं बोलायच्या. मच्छिंद्रच्या घराची पाळी मात्र अजून मच्छिंद्रच भागवत होता. त्याची एकुलती माया पाचवीत गेली होती.

"पोरीला कवा बसवतोस रं?" आबा विचारायचे.

"बसवू की आबा. अजून आवाज फुटंना तिचा."

खरं म्हणजे मायाचा आवाज ओढ्यापलीकडं ऐकू जायचा.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली. कालवा कोरडा, विहिरींचे तळ उघडे. उभा ऊस तोडून छावणीतल्या जनावरांपुढं पडला, आणि हायवेच्या कडेची गुऱ्हाळं एकामागं एक थंड झाली. जयसिंगदादाचं चालू होतं, तेही एक दिवसाआड. एका दुपारी तो चुलवाणाच्या खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला.

"मच्छिंदर, यवतला भैय्यांची टोळी उतरलीय. नवरा, बायकू, पोरंसोरं, सगळं बिऱ्हाड राबतंय. तुमचे दोघांचे चारच हात. मी काय करू, तूच सांग."

"इतकी वरसं झाली दादा."

"म्हनून तर इचारतोय. न्हाईतर इचारलं नसतं. तुझी पोरगी हाय की. चिपाडं पसरायला काय शिकावं लागतंय?"

"पोरगी शाळंत जाती."

"जाती व्हय?" जयसिंगदादा हसला. त्या हसण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "बरं बरं. मास्तरीन करा. दिवाळीपातूर बघतो मी. मग मला बोल लावू नको."

पलीकडं ताईबाईचं दाताळं थांबलं होतं. मच्छिंद्रनं मूठभर चिपाडं आत सारली. भसकन जाळ उठला.

*

त्याच आठवड्यात फिरत्या बाई घरी आल्या. राजनंदिनी बाई शिरूरच्या. न्हावरा-चौफुला गाडीनं यायच्या आणि आज ही शाळा, उद्या ती, असं फिरून ऐकू न येणाऱ्या, दिसायला कमी असणाऱ्या, मागं पडलेल्या पोरांना शिकवायच्या. चपला धुळीनं माखलेल्या, पर्सची वादी सेफ्टी पिनेनं जोडलेली. ताईबाईनं दिलेला चहा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ प्यायल्याच नाहीत.

"मायाला वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मच्छिंद्र केस पुसत होता. पंचा तसाच डोक्यावर राहिला.

"येतं की. जरा अडकती."

"अडकत नाही हो. तिला शब्दच ओळखू येत नाही. फळ्यावरचं ती चित्र काढल्यासारखं उतरवून घेते, म्हणून वह्या भरलेल्या दिसतात. ऐकलेलं मात्र सगळं ध्यानात ठेवते. पोरीला डोकं आहे. असं असतं काही मुलांचं. त्यांना शिकवायची रीत वेगळी लागते."

"मग शिकवा की येगळ्या रीतीनं."

"आधी पुण्याला तपासणी करून घ्यावी लागते. तुम्ही हो म्हणा, मी स्वतः नेते तिला."

"कशाची तपासनी?"

"बुद्धीची," म्हणून बाई चाचरल्या. "म्हणजे वाचनाची. दवाखान्यातच असते, पण..."

"येड्यांच्या दवाखान्यात?"

उंबऱ्याशी माया बसली होती. मांजराच्या पिलाच्या पाठीवर बोट फिरवत होती. बोट थांबलं नाही, पण मान खाली गेली.

"बाई," मच्छिंद्र सावकाश म्हणाला, "तुमी आंधळ्यापांगळ्यांच्या बाई. तुमाला समदी तशीच दिसनार. माझ्या घरात ग्रंथ वाचला जातो. शिका म्हनून ज्यानं सांगितलं त्याचा फोटू हाय ह्या भिंतीवर. त्याच्याखाली बसून माझी पोर येडी हाय म्हनून सांगू नका."

"मी वेडी म्हटलं नाही हो."

"चा घ्या. निवला."

चुलीपाशी बसलेल्या ताईबाईनं तोंड उघडलं, आणि चुलीत फुंकर घातली.

बाई गेल्या. मच्छिंद्रनं सदरा चढवला आणि तडक हौशीराम आबांच्या ओट्यावर जाऊन बसला. "आबा," तो म्हणाला, "आश्विन पुनवंला समाप्ती हाय. त्या दिवशी माझी माया वाचंल."

"समाप्तीला? सगळी वस्ती असती. भिक्खू येत्यात दौंडाहून."

"म्हनूनच."

*

पहिल्यांदा तो तिला रीतीनं घेऊन बसला. बल्बच्या उजेडात ग्रंथाचं पान, पानावर त्याचं बोट. पहिल्या ओळीतला 'रान' शब्द त्यानं सांगितला. तिसऱ्या ओळीत तोच शब्द आला, तर माया त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"माझ्या तोंडावर लिवलंय का? हितं बघ!"

"बघतीय आप्पा."

"मग काय हाय ह्ये?"

"वन?"

"आगं वरच सांगितलं की! ह्योच शबुद!" त्यानं कान धरला. कानाची पाळी बोटांत गरम होत गेली. "मन कुठं असतं तुझं?"

"हितंच हाय."

"मग दिसत न्हाई?"

"दिसतंय," ती म्हणाली. मग हळूच, जसं काही दुसऱ्याचं गुपित सांगावं तसं, "पर एका जागी ऱ्हाईना झालंय."

पाठीत धपाटा बसला. तोच आतून ताईबाईची हाक आली, "माये, हंडा घे. टँकर आलाय."

टँकर आला नव्हता. दुसऱ्या दिवशी बोट पानावर टेकलं न टेकलं, तोच शेळी सुटली. तिसऱ्या दिवशी मीठ संपलं. मच्छिंद्रनं ग्रंथ फडक्यात बांधून वर ठेवला आणि बायकोपुढं येऊन उभा राहिला.

"तू तिला मधनंच उठवू नगं."

"काम असतंय घरात."

"तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या बापानं तुला शाळंचं तोंड दावलं असतं, तर आज ह्या घरात पोरीला शिकवनारी दोन मानसं असती. हितं येकटा मी, आन् चूल बघून शेळ्या सोडनारी तू."

ताईबाई पीठ मळत राहिली. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यानं हौसेनं तिच्यासाठी पाटी आणली होती. ती हसायची, पदर तोंडात धरायची, "तुमचं आपलं कायतरीच," म्हणून उठून जायची. शेवटी पाटी फुटली. कशी फुटली कुणास ठाऊक. मच्छिंद्रचा सगळा राग मग सासऱ्यावर गेला. सासरा केरबा भीमाकाठचा, वाळू उपसणारा गडी. अंगानं रेड्यासारखा, बोलायला गाय. सासुरवाडीला गेलं, की भरल्या ताटावर मच्छिंद्र विषय काढायचाच: "मामा, बाकी समदं केलंत, पोरीला तेवढं आडानी ठेवलंत." केरबा मान खाली घालायचा. "चुकलंच माझं, जावईबापू," म्हणायचा, आणि पळीतला रस्सा जावयाच्या ताटात वाढायचा. वर्षामागं वर्ष तेच बोलणं, तेच वाढणं. मागल्या माघात केरबा गेला. मच्छिंद्रचं बोलणं काही गेलं नाही.

दुपारी शाळा सुटली, की माया भाकरी घेऊन गुऱ्हाळावर यायची. बाप एका हातानं जाळ घालणार, दुसऱ्या हातानं खाणार. एकदा त्यानं ग्रंथच गुऱ्हाळावर नेला. म्हटलं, आधी तिच्या कानावरून तर जाऊ दे. अंगुलीमालाचं पान त्यानं तिला वाचून दाखवलं. घनदाट रान, वाट अडवणारा तो दांडगा, त्याच्या गळ्यात बोटांची माळ. माया गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. डोळ्यांत जाळ हलत होता. तो थांबला, तर तिनं सगळं पान परत म्हणून दाखवलं. त्याचा शब्द न् शब्द. तो जिथं खोकला होता तिथं तीही थांबली.

मच्छिंद्रच्या हातातलं चिपाड हातातच राहिलं.

"आजून येकदा."

तिनं आणखी एकदा म्हटलं. त्याला वाटलं, छाती फाटंल आता आनंदानं. ही मंद? ही येडी? मग त्याच्या ध्यानात आलं, पोरगी ग्रंथाकडं बघतच नव्हती. ती जाळाकडं बघून म्हणत होती.

तो दिवसभर त्यावर विचार करत राहिला. रस आटवायच्या काहिलीखाली जाळ एकसारखा ठेवायचा तर मन तिथंच लागतं. दोनदा गुळव्यानं वरून शिवी हासडली. संध्याकाळपर्यंत मच्छिंद्रनं मनाची समजूत घातली. म्हणायचं तेच, ऐकणाऱ्याच्या कानात जायचं तेच. डोळ्यातनं तोंडात आलं काय आन् कानातनं तोंडात आलं काय. आधी लोकांची तोंडं मिटू देत. मग तिला निवांत शिकवू.

मग रोज एक पान. पानाबरोबर बोटही शिकवलं. उजवीकडं सरकवत न्यायचं, ओळ संपली की खाली उतरायचं. 'तलवार उपसली' म्हटलं, की पान उलटायचं. ते माया चिपाडाच्या तुकड्यावर बोट फिरवून घोकायची. ताईबाई भारा टाकायला यायची, क्षणभर उभी राहायची. तिचं तोंड घामानं, धुळीनं माखलेलं असायचं, त्यावरचं काही वाचता यायचं नाही.

"आवं," एकदा ती म्हणाली, "पोरगी झोपंत बडबडती ते."

"बडबडू दे. पक्कं व्हतंय."

"बाईंनी सांगितलं तसं केलं असतं तर?"

"तू भारा टाक."

*

आश्विन पौर्णिमेला विहार धुऊन काढला होता. खीर शिजत होती. दौंडहून आलेले भिक्खू पंख्याखाली बसले. पुढं पोरं, मागं बाया, दाराशी कामावरून आलेली माणसं. मायाला ताईबाईनं पांढरा फ्रॉक घातला होता. तेल लावून दोन घट्ट वेण्या. वंदना झाली, आणि हौशीराम आबांनी स्वतः पोरीला हाताला धरून ग्रंथापुढं बसवलं.

"मच्छिंद्राची माया वाचनार," आबा म्हणाले.

कुणीतरी मागून कुजबुजलं. शाळेतल्या पोरींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मच्छिंद्र दाराजवळ उभा होता. त्याचे ओठ मायाच्या आधी हलले.

तिनं सुरुवात केली, आणि कुजबुज विरघळून गेली. काय तो आवाज! गिताबाईच्या ओव्या ऐकलेल्या दोघी म्हाताऱ्या तिथं होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बोट ओळीवरून सरकत होतं. तलवार उपसली; पान उलटलं. आबांनी मान डोलावली. भिक्खूंनी डोळे मिटून घेतले. मच्छिंद्रला वाटलं, भिंती थोड्या मागं सरकल्यात आणि छप्पर उंच झालंय.

आणि लाईट गेली.

पंखा घरघरत थांबला. खिडकीबाहेर सगळी वस्ती काळी झाली. "आली का ह्यांची लोडशेडिंग!" कुणीतरी वैतागलं. "मेणबत्ती कुठंय रं?"

माया थांबली नाही.

अंधारात तिचा आवाज तसाच चालला होता, न अडखळता, न घाईला येता. अंगुलीमाल धावत होता, धावूनही त्याला पुढचा चालणारा माणूस गाठता येत नव्हता. आधी एक पोर फिसकन हसलं. मग हसण्याचा अर्थ मागच्या ओळींपर्यंत पोचला, आणि हळूहळू सगळा विहार गप्प झाला. इतका गप्प, की अंधारात पान उलटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कुणीतरी काडी ओढली. मेणबत्तीच्या उजेडात पहिल्यांदा दिसलं ते मायाचं बोट. ते ओळीवरून सरकत होतं.

"बाळा," हौशीराम आबा म्हणाले, "थांब आता."

ती थांबली नाही. तिला थांबता येत नव्हतं. एकदा तुटलं, की पुन्हा कुठून धरायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. डोळे तिनं गच्च मिटले आणि आवाज आणखी चढवला.

मच्छिंद्र माणसांच्या मांड्या तुडवत पुढं आला. त्याचा हात कधी उठला, त्याला कळलं नाही. गालावर आवाज झाला तेव्हा मेणबत्तीची ज्योतही हलली. माया ग्रंथावर कोसळली. फ्रॉकच्या मागं ओलं झालेलं सगळ्यांनी बघितलं.

"मूर्तीपुढं हात उचललास, मच्छिंद्रा?" आबा उठून उभे राहिले. "ह्या जागी?"

ताईबाई बायांतून उठली, पोरीला उचलून पदराखाली घेतलं आणि कुणाकडं न बघता बाहेर पडली. खीर त्या दिवशी बरीच उरली.

*

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं पोरीच्या हातात दाताळं दिलं.

"दादा, आनली बघा," तो जयसिंगदादाला म्हणाला.

जयसिंगदादानं मायाला वरपासून खालपर्यंत बघितलं. आता हा काय बोलणार म्हणून मच्छिंद्रनं दात आवळले होते. पण तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. उन्हाची टापर बांध गं डोक्याला."

कोवळ्या हातांना चिपाडाच्या कडा पात्यासारख्या लागतात. पहिल्या दिवशी तळवे चिरले, दुसऱ्या दिवशी त्यात उसाचा रस गेला, तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. माया बोलत नव्हती. जिचं तोंड दिवसभर चालायचं, जी रेडिओवरच्या जाहिरातीसुद्धा सुरात म्हणायची, ती पोर खालमानेनं चिपाडं उलथत राहायची. वस्तीतली पोरं गुऱ्हाळावर रस प्यायला आली, की मुद्दाम डोळे मिटून, बोट हवेत फिरवून वाचल्याचं नाटक करायची. गुळव्या त्यांना झारा दाखवून हाकलायचा. मच्छिंद्र जाळाकडं तोंड करून बसायचा. विहारात तो परत गेला नाही. वाटेत आबा भेटले तर "जय भीम" म्हणायचा आणि थांबायचा नाही.

एक दिवस उकळत्या रसावरची मळी काढणारी बाई आली नाही. "पोरगीला उभी कर काहिलीपाशी," जयसिंगदादा म्हणाला. मच्छिंद्र खाली खड्ड्यात होता. वर काय झालं ते त्याला दिसलं नाही. उकळी अंगावर आली, झारा जड झाला, आणि तापलेली मळी मायाच्या पायावर सांडली. किंकाळी ऐकून तो वर आला, तेव्हा ताईबाईनं पोरीचा पाय पाण्याच्या पिंपात घातला होता. पायाची साल मोज्यासारखी सुटून पाण्यात हलत होती. माया रडत नव्हती. भराभरा पुटपुटत होती. मच्छिंद्रनं वाकून ऐकलं. अंगुलीमालाचं पान.

त्यानं हात कानांवर दाबले, तसाच खड्ड्यात उतरला आणि जाळ घालू लागला.

त्यानंतर ताईबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. वाढायची, पाणी ठेवायची. रुसवा त्यानं आधी पाहिला होता. हे काही तसलं नव्हतं. काहीतरी गिळायचं आणि ते खाली जात नाही, असं तिचं तोंड दिसायचं.

*

राजनंदिनी बाई गुऱ्हाळावर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चिपाडांच्या ढिगातून वाट काढताना त्यांची साडी जागोजागी अडकत होती. माया सावलीत बसून, चिंधी बांधलेला पाय पसरून, ओली-वाळली चिपाडं निवडत होती. बाईंनी तिचे तळवे उलटून बघितले आणि परत मिटवले. मग चुलवाणाच्या खड्ड्यापाशी आल्या.

"मायाचे वडील, नाव काढून टाका म्हणून निरोप पाठवलात. मी नाव काढू दिलेलं नाही."

"ऱ्हाऊ द्या नायतर काढा. ती येनार न्हाई."

बाजेवर पडलेला जयसिंगदादा उठून बसला. "बाई, पोरगी कामाला चांगली हाय. शिकून तरी काय हितंच यायचं. ह्यो बघा की, धावीपातूर गेलेला."

मच्छिंद्रनं चिपाडं सारली. तोंड वळवलं नाही.

"मी भांडायला आले नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थकवा होता. "विहारातलं ऐकलं मी. तिनं तेवढी पानं ध्यानात ठेवली, हे तुम्हाला खोटेपणा वाटत असेल. मला वाटत नाही. पण मला नुसतं वाटून पुण्यातले लोक ऐकायचे नाहीत. ते पहिल्यांदा एकच विचारतात, घरात आणखी कुणाला असं होतं का? असं बऱ्याचदा घरात असतं. वडलांकडं, आईकडं. आत्या, मामा, कुणी?"

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "माझ्याकडं कुनाला न्हाई. आन् हिच्याकडचं काय सांगायचं. हिला शाळंतच घातलं न्हवतं. हिच्या बापाला..."

"घातलं हुतं."

दाताळं जमिनीवर पडलं. ताईबाई भाऱ्यापाशी उभी होती, टापर सुटून खांद्यावर आली होती.

"काय?"

"मला शाळंत घातलं हुतं. चार वरसं गेले मी." ती नवऱ्याकडं बघत नव्हती. पोरीकडं बघत होती. "वढ्याला पानी असलं, तर बा खांद्यावर बसवून न्यायचा. दप्तर त्याच्या गळ्यात. मास्तर म्हनायचा वाच, आन् मी बघायची, तर अक्षरं मुंग्यांवानी येकमेकाच्या अंगावरनं चाललेली. छडीनं बोटं फुटली. ही दोन बोटं अजून मिटत न्हाईत नीट. तुमी इचारलंत तवा म्हटलं, खुरप्यानं झालं."

"जाळ!" वरून गुळव्या ओरडला. "जाळ कुठं गेला रं?"

मच्छिंद्र हलला नाही. चुलवाणाचं तोंड विझत चाललं होतं.

"लगीन ठरलं, तवा बा म्हनला, पोरी, शाळंत घातलंच न्हाई म्हनून सांगू. घातलं न्हाई म्हटलं तर लोक मला बोलत्याल. घालून वाचता आलं न्हाई म्हटलं तर तुला बोलत्याल. मला बोलू दे." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तुमी त्याला ताटावर बोलायचा. तो तुमालाच वाढायचा. मी चुलीम्होरं बसून समदं ऐकायची आन् भाकरी थापायची. मरताना बी म्हनला, सांगू नगंस. आन् हिला तुमी मारायचा, तवा मला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, पाटी आनलेला मानूस हाय ह्यो, ह्याला काय सांगायचं. शेळी सोडून द्यायची मी. तेवढंच करता आलं."

माया चिपाडाचा तुकडा हातात धरून आईकडं बघत होती.

ताईबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा बाईंकडं वळली.

"पुन्याला इचारत्याल तवा मला न्या. मी सांगते. माझ्या बानं मला शाळंत घातलं हुतं, मी मन लावून बघायची, आन् मला येत न्हवतं."